कपाटातल्या दारूचा सविस्तर खुलासा

आदरणीय आत्या,

नमस्कार. वाकूनच करते आहे, फक्त उजव्या हाताच्या दोन बोटांना पट्टी असल्यामुळे तो जरा अर्धवट झाला आहे असं समजा आणि अक्षराला नावं ठेवू नका. तुमचा गुडघा कसा आहे? जिना उतरताना तो टकटक वाजतो आणि चढताना गप्प असतो, असं तुम्ही मागे लिहिलं होतं. मला तर ऐकून हेवा वाटला, कारण आमच्या घरात हल्ली वेळच्या वेळी गप्प बसणारं काहीच उरलेलं नाही. तुमचा भाचा तेवढा ग्रंथालयात दिवसभर हळू बोलून घरी येतो आणि घरीही हळूच बोलतो. खरं सांगायचं तर या सगळ्या गैरसमजाचं मूळ त्याचा तो हळू आवाजच आहे.

तुमचं कार्ड परवा मिळालं. त्यावर एकच वाक्य होतं, "माझ्या भावाला या वयात दारूची सवय लावणारी सून मी पाहिली नव्हती, ती आता पाहिली." आत्या, मी ते कार्ड तीनदा वाचलं, मग तुमच्या भाच्याला समोर बसवून विचारलं की तू फोनवर नेमकं काय सांगितलंस. तो म्हणाला, "जे झालं तेच सांगितलं." मग जे सांगितलं ते त्याने पुन्हा म्हणून दाखवलं. ते असं: कपाटात बाबांसाठी दारू आणून ठेवली आहे, रविवारी बाबा मैदानात जातात, मागच्या खेपेला जरा उभं राहिलं न राहिलं तोच तोल गेला, आडवं झालं, आणि सरळ अध्यक्षांच्या तंबूत घुसलं. या सगळ्या वाक्यांमध्ये 'रॉकेट' हा शब्द एकदाही नव्हता. (का नव्हता, असं विचारल्यावर तो म्हणाला, "आत्याला वाटलं असतं मी थट्टा करतोय.") तर आत्या, आडवं झालं ते रॉकेट. तंबूत घुसलं तेही रॉकेटच. आणि दारू म्हणजे जी पेटवतात ती, ठासून भरलेली, अंगठ्याएवढ्या जाड कागदी नळीतली. तिला मोटर म्हणायचं असतं, पण बाबा दारूच म्हणतात, आणि त्यांच्यामुळे सगळं घर म्हणतं. आता पहिल्यापासून सांगते. चहा घेऊन बसा, पत्र लांबणार आहे.

बाबांना तुम्ही ते रांगत होते तेव्हापासून ओळखता, मी फक्त एकोणीस वर्षं. पण निवृत्तीनंतरचे बाबा तुमच्यापेक्षा मी जास्त पाहिले आहेत. चौतीस वर्षं बंदरातल्या क्रेनच्या काचेच्या खोलीत बसलेला माणूस, खाली मुंग्यांएवढी माणसं, समोर ट्रकएवढ्या पेट्या, दोन्ही हातांत एकेक दांडा. तिथून उतरला तो थेट आमच्या खिडकीजवळच्या लाकडी खुर्चीत येऊन बसला. समोर एक इमारत उठते आहे आणि तिच्यावर एक पिवळी क्रेन आहे. बाबांचं त्या क्रेनच्या चालकाशी सकाळी नऊपासून भांडण सुरू होई. "अरे, आता ओढू नकोस! झोका संपू दे! गेला, गेला, गेला!" तो चालक बिचारा काचेच्या डब्यात, रस्त्यापलीकडे, त्याला यातलं अक्षर ऐकू जात नसे. बोलता बोलता बाबांचे दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर आपोआप हलत. संध्याकाळी ते दमून जात, आणि काम मात्र दुसऱ्यानेच केलेलं असे. मला ते बघवत नसे, पण सासऱ्यांना क्रेन कुठून आणून देणार? घरात जागा नाही.

रॉकेट माझ्यामुळे आलं, हे मी मान्य करते. आमच्या दातांच्या लॅबच्या खाली एक चष्मेवाले आहेत. त्यांना सगळे मिलिमीटर म्हणतात, कारण ते नमस्कार केला तरी दोन डोळ्यांमधलं अंतर मनातल्या मनात मोजतात. ते इथल्या अग्निबाण मंडळाचे अध्यक्ष. मंडळ म्हणजे बारा-पंधरा वयस्कर, शहाणी माणसं, जी बंद पडलेल्या वीटभट्टीमागच्या मैदानात जमून हातभर लांबीची रॉकेटं उडवतात आणि मग ती शोधत फिरतात. एकदा मिलिमीटर आपल्या रॉकेटचं टोक गुळगुळीत करून मागायला माझ्याकडे आले. मी बावीस वर्षं कवळ्या बनवते आहे, गुळगुळीत करणं हा माझा धर्म आहे. टोक करून दिलं, उडताना बघायला गेले, आणि आत्या, काय सांगू, ते सूंऽऽ करून वर गेलं तेव्हा माझ्या तोंडातून जो आवाज निघाला तो मी लग्न ठरल्यावरही काढला नव्हता. (हे तुमच्या भाच्याला कळवू नका.)

आता जरा शास्त्र. दोनच मिनिटं, घाबरू नका. साध्या रॉकेटला खाली पंख असतात, त्यामुळे ते बाणासारखं सरळ जातं. पंख काढले तर ते तळहातावर उभ्या केलेल्या झाडूसारखं होतं, क्षणात कलंडतं. पण खालची नळीच जर इकडेतिकडे वळवता आली, तर कलंडणाऱ्या रॉकेटला खालून सावरता येतं. त्यासाठी नळीला झुलती बैठक लागते. एक कडं, त्याच्या आत दुसरं कडं. बाहेरचं मागेपुढे झुलतं, आतलं डावीउजवीकडे, आणि दोघांना हलवायला काडेपेटीएवढ्या दोन विजेच्या मोटरी. हे काम बहुतेक ठिकाणी एक इवलासा संगणक करतो. मी मिलिमीटरना विचारलं, संगणकाऐवजी माणसाने रिमोट हातात धरून केलं तर? ते चष्मा पुसत म्हणाले, "मॅडम, दारू जळते साडेतीन सेकंद. माणसाला शिंक आलेली कळायलाच एक सेकंद लागतो." मंडळातले सगळे हसले. तिथेच मी ठरवलं की हे करायचंच. हट्टी आहे मी, तुम्ही माझ्या लग्नातच सांगितलं होतंत सगळ्यांना.

पहिली बैठक मी कवळीच्याच प्लास्टिकची केली, कारण ते माझ्या हातात मेणासारखं वागतं. दिसायला ती इतकी सुरेख झाली की काय सांगू. गुलाबी, चकचकीत, अगदी निरोगी हिरड्यांसारखी. तुमचा भाचा तिला बघून म्हणाला, "ही हसेल असं वाटतंय." मागच्या अंगणात शेगड्यात, म्हणजे लोखंडी पकडीत, घट्ट धरून, नळीचं तोंड वर करून मी ती पेटवून पाहिली. नळी छान वळली, डावीकडे म्हटलं की डावीकडे, मी आनंदाने उड्या मारल्या. मग जाळ संपला, तरी तापलेली नळी तापलेलीच राहिली, आणि आमच्या डोळ्यांदेखत आतलं गुलाबी कडं हळूहळू मऊ होऊन जिभेसारखं बाहेर लोंबलं. शिवाय सगळा धूर कुंपणापलीकडे गेला, जिथे शेजारच्या लॉन्ड्रीवाल्या बाईंनी हॉटेलच्या सोळा पांढऱ्या चादरी वाळत घातल्या होत्या. त्या कुंपणाशी आल्या, आधी चादरींकडे पाहिलं, मग लोंबणाऱ्या गुलाबी जिभेकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "हे ज्याच्या तोंडात बसवणार आहात त्याला आधी सांगा." सोळाच्या सोळा चादरी मी स्वतः धुऊन दिल्या. दुसऱ्या खेपेला आतलं कडं धातूचं ओतलं, अर्ध्या कवळीचा सांगाडा ओततात त्या धातूचं, आणि ते मात्र आजतागायत जागचं हललेलं नाही.

बैठक झाली, पण ती चालवणार कोण? मी चालवणार होते. सरावासाठी रोज दुपारी तळहातावर झाडू उभा करायचे. झाडू रोज पडायचा. कधी कपाटावर, कधी दिव्यावर, एकदा तुमच्या भाच्याच्या डोक्यावर (त्याने हळूच "आई गं" म्हटलं). सहाव्या दिवशी बाबा खिडकीतून न वळताच म्हणाले, "मागे धावतेस."

मी म्हटलं, "कशाच्या?"

"झाडूच्या. पडायला लागला की मग जातेस. तो कुठे निघालाय ते त्याच्या आधी कळायला हवं." मग उठले, झाडू माझ्या हातातून घेतला, तळहातावर ठेवला, आणि दुसऱ्या हाताने चहाचा कप उचलून प्यायला लागले. झाडू उभा. देवळातल्या खांबासारखा उभा. मी आ वासून बघत राहिले. "जिकडे कलतोय तिकडे आपण खालून जायचं," ते म्हणाले. "क्रेनवरही तेच. पेटी उजवीकडे झोका घ्यायला लागली की नवशिका डावीकडे ओढतो आणि झोका दुप्पट करतो. आपण उजवीकडेच जायचं, तिच्या डोक्यावर. ती आपोआप शांत होते." एवढं सलग बोलताना मी त्यांना निवृत्तीनंतर पहिल्यांदाच ऐकलं होतं. मी रिमोट त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि परत दिला. "हे दोन अंगठ्यांचं खेळणं आहे. मला दोन हातांचं काम दे."

मग आम्ही खुर्ची केली, आत्या. त्याच लाकडी खुर्चीच्या दोन्ही हातांवर एकेक दांडा बसवला. डावा मागेपुढे, उजवा आडवा, अगदी त्यांच्या क्रेनमध्ये असायचा तसा, आणि रिमोटच्या वायरी त्यांना जोडल्या. मुठी मी त्यांच्या हाताचा साचा घेऊन केल्या. (साचा घेताना ते म्हणाले, "दात न काढता माप द्यायची ही पहिलीच वेळ.") तीन आठवडे सराव. मी बैठकीवर एक काठी उभी बसवायची, तुमच्या भाच्याने ती मध्येच ढकलायची, बाबांनी सावरायची. पिवळ्या क्रेनकडे बघायलाही त्यांना वेळ नव्हता. जेवायला हाक मारली तर म्हणत, "आलो, ही पाळी संपू दे."

आता त्या रविवारचं, ज्याचा अर्धा वृत्तांत तुम्हाला फोनवर मिळाला. गाडीच्या टपावर खुर्ची पालथी बांधून आम्ही मैदानात गेलो. मंडळाने पाहिलं की मैदानाच्या मधोमध एक म्हातारा आरामात खुर्चीत बसला आहे, अंगात इस्त्रीचा शर्ट, हात दोन दांड्यांवर, आणि समोर चाळीस पावलांवर बिनपंखी, नखशिखान्त पॉलिश केलेलं रॉकेट. मिलिमीटरनी आपली यादी काढून तपासणी केली. बैठक हलते? हलते. खूण. वायर? आहे. खूण. उलटी मोजणी झाली, कळ दाबली, रॉकेट उठलं. दोन मजले वर गेलं असेल नसेल, जरा उजवीकडे कललं. बाबांनी सावरलं, तर ते आणखी कललं. त्यांनी आणखी सावरलं, तर ते पार आडवं झालं आणि मैदानावरून, सगळ्यांच्या डोक्यांवरून (सगळे पालथे झोपले होते, शिस्तीत), थेट मंडळाच्या तंबूत. तंबूत सुदैवाने कोणी नव्हतं. आत त्याची हवाई छत्री उघडायचा छोटा बार उडाला, तंबू एकदा गच्च फुगला, आणि मग दमलेल्या माणसासारखा हळूहळू खाली बसला.

बाबा खुर्चीतून उठले, शर्ट झटकला, आणि म्हणाले, "हात चुकला माझा." बस, एवढंच. मिलिमीटरनी उद्ध्वस्त तंबूतून नोंदवही शोधून काढली आणि त्यात लिहिलं, जे मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं: 'बैठक: उत्तम. चालक: वृद्ध.'

घरी आल्यावर बाबांनी खुर्ची खिडकीपाशी ठेवली, पण तोंड भिंतीकडे करून. दांड्यांवर रुमाल टाकला. समोरची पिवळी क्रेन दिवसभर काय वाटेल ते करी आणि तिला कोणी एका शब्दाने टोकत नसे. अकरा दिवस असे गेले, आत्या. तुमचा भाचा रोज ग्रंथालयातून एकेक पुस्तक आणून त्यांच्या शेजारी ठेवायचा, ते रोज उघडायचे आणि रोज त्याच पानावर बंद करायचे. मी त्यांना म्हटलं, पुन्हा करू या. ते म्हणाले, "नको. क्रेनवर असतो तर खाली माणसं असती."

बाराव्या दिवशी मिलिमीटरनी रॉकेटचा चेपलेला तळ लॅबमध्ये आणून दिला. मी तो साफ करायला घेतला. बैठकीच्या बाहेरच्या कड्यावर मी जोडणी करताना पेन्सिलने एक बाण काढला होता, 'पुढे' म्हणून. आणि रॉकेटच्या अंगावर तसाच दुसरा बाण. दोन्ही बाण एकमेकांसमोर यायला हवेत. ते नव्हते. एक इकडे, एक बरोब्बर पलीकडे. मी खाली बसले, म्हणजे स्टूल नव्हतं तिथे बसले. मला आठवलं. शनिवारी दुपारी मला बैठकीवर एक ओरखडा दिसला होता. कोणालाच दिसला नसता, पण मला दिसला, आणि मला राहवेना. ती काढली, पॉलिश केली, परत बसवली. अर्धा फेरा उलटी बसवली. पुढचं मागे, डावं उजवं. बाबा प्रत्येक वेळी बरोबर सावरत होते आणि माझी बैठक प्रत्येक वेळी बरोबर उलटं करत होती. आणि मिलिमीटरच्या यादीत 'हलते का' होतं, 'कुठे हलते' नव्हतं.

आत्या, तुमच्यापासून लपवत नाही. एक अख्खा दिवस मी गप्प राहिले. बावीस वर्षांत माझी एकही कवळी परत आलेली नाही, आणि त्या नोंदवहीत 'उत्तम' लिहिलं होतं ना! मनात म्हटलं, आता सांगून काय होणार, रॉकेट तर गेलंच. मग संध्याकाळी घरी आले, बाबांची भिंतीकडे तोंड केलेली पाठ दिसली, आणि मला माझीच शरम वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. बाण, ओरखडा, पॉलिश, अर्धा फेरा. बाबा ऐकत होते. शेवटी म्हणाले, "अस्सं." मग कप पुढे करून, "चहा आहे का अजून?" मला वाटलं, रागावले. पण दुपारी लॅबमधून आले तर खुर्चीचं तोंड खिडकीकडे होतं आणि आतून आवाज येत होता, "अरे, कोणी शिकवलं रे तुला!"

तेवढ्याने माझं समाधान होईना. मंडळाची बैठक (ही बसायची बैठक, झुलती नव्हे) मिलिमीटरच्या दुकानात असते, चष्म्यांच्या फ्रेमांमध्ये. मी उभी राहिले. समोर भिंतीवर अक्षरांचा तक्ता, सगळ्यात वर ते एक भलंमोठं अक्षर, खाली बारीक होत गेलेल्या ओळी. माझंही बोलणं तसंच झालं, सुरुवात मोठ्याने आणि शेवट कोणालाच ऐकू आला नाही, पण मुद्दा पोचला. मी म्हटलं, चालकाची काहीही चूक नव्हती, चूक बैठकीची, म्हणजे माझी, म्हणजे माझ्या पॉलिशच्या हौसेची. कोणीतरी टाळ्या वाजवल्या, का ते कळलं नाही. मिलिमीटरनी नोंदवही काढली, पेनाचं टोपण उघडलं आणि गंभीरपणे विचारलं, "'उत्तम' खोडतो. 'वृद्ध' पण खोडू का?"

बाबा मागच्या बाकावरून म्हणाले, "वृद्ध राहू द्या. ते खरं आहे. पुढे 'हात ठीक' एवढं जोडा."

मागच्या रविवारी आम्ही पुन्हा गेलो. नवीन रॉकेट, तीच खुर्ची, आणि बैठकीवर या वेळी पेन्सिलचा नव्हे, माझ्या लाल नेलपॉलिशचा बाण, आंधळ्यालाही दिसेल असा. मिलिमीटरच्या यादीत एक नवी ओळ होती, आणि तिच्याखाली त्यांनी दोनदा रेघ मारली होती. मी स्वतः रॉकेटपाशी उभी राहून ओरडले, "उजवीकडे!" बाबांनी दांडा हलवला, मी नळी बघितली, "बरोबर! पुढे!" लॉन्ड्रीवाल्या बाईही आल्या होत्या, चादरी घरात ठेवून. वारा थोडा होता. बाबांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या, मुठींवर हात ठेवले, आणि त्यांचे खांदे खाली आले. म्हणजे सैल झाले, आत्या. खुर्चीत बसलेला माणूस एकदम कुठेतरी उंचावर बसल्यासारखा दिसायला लागला.

उठलं. जरा डावीकडे कललं, आणि ते उभं राहिलं. मग पुढे झुकलं, पुन्हा उभं राहिलं. वाऱ्याने ढकललं, ते थोडं डगमगलं, जसं गर्दीत कोणी धक्का दिला तर आपण डगमगतो तसं, आणि परत ताठ! बाबांचे हात जेमतेम हलत होते. बोटभरसुद्धा नाही. साडेतीन सेकंद म्हणजे किती असतात हे मला आजवर माहीत नव्हतं. खूप असतात. त्यात माणूस पुरता हसून, रडून घेऊ शकतो. शेवटी शेवटी बाबांनी ते मुद्दाम वारा येत होता त्या बाजूला किंचित कलतं केलं. जाळ संपला, ते वर वर जात टिकलीएवढं झालं, मग छत्री उघडली, पिवळी धमक, आणि वाऱ्यावर तरंगत ते आमच्याच दिशेला यायला लागलं. सगळे धावले. त्यासाठी धावायची गरजच नव्हती. ते खुर्चीपासून नऊ पावलांवर उतरलं. मिलिमीटरनी टेप काढून मोजलं, पाच मीटर त्र्याऐंशी सेंटिमीटर. मी आनंदाच्या भरात रॉकेट उचललं ते बरोबर तापलेल्या नळीला धरून, म्हणून ही दोन बोटं. तुमचा भाचा, आत्या, तुमचा हळू बोलणारा भाचा, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असा ओरडला, "बाबाऽऽ!" बाबा बसूनच होते. म्हणाले, "खुर्चीजवळ ठेवायचा विचार होता. थोडं लांब गेलं."

तर असं आहे. घरात दारू आहे, पण ती बाबा पीत नाहीत. रविवारी मैदानात जातात, पण स्वतःच्या पायांवर सरळ उभे राहून घरी येतात. तुमच्या कार्डाचा मला मुळीच राग आला नाही, उलट एवढ्या लांबून तुम्ही भावाची काळजी करता याचं बरं वाटलं. आता काळजी सोडा आणि गुडघ्याला जपा.

तुमची,
(दारू आणणारी) सून

ता. क. मैदानाचा विषय निघालाच आहे म्हणून सहज लिहिते. मंडळाच्या सगळ्यांचं म्हणणं पडलं की पुढचं रॉकेट दुप्पट उंचीचं करावं, आणि त्याला वीटभट्टीमागची जागा पुरणार नाही. तुमच्या घरामागचं रान चांगलं लांबरुंद आहे, असं बाबा बोलता बोलता म्हणाले. मी काही मागत नाही.

ता. क. २. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी तुम्ही घरी असालच. आम्ही चौदा जण आहोत. लॉन्ड्रीवाल्या बाई धरून पंधरा. तंबू आमचा आम्ही आणू. तुमच्या कोंबड्यांना त्या दिवशी आत ठेवता येईल का, एवढंच विचारायचं होतं, बाकीचं पत्र त्याच्या आधी लिहावं लागलं.

ताई,
सुनेने पाकीट टपालात टाकायला माझ्याकडे दिलं होतं. वाफेवर उघडून वाचलं. सून लिहिते चांगलं, पण एक गोष्ट तिला माहीत नाही, आणि तू सांगू नकोस. बैठक उलटी आहे हे मला त्याच दिवशी कळलं होतं. क्रेनवर एकदा वायरमनने दांड्याच्या तारा उलट्या जोडल्या होत्या, हात ते विसरत नाही. पण कळून मी उलटं चालवायला लागेपर्यंत साडेतीन सेकंद संपले. मग वळून बघितलं तर ती पांढरीफटक पडलेली, आणि सगळं मंडळ आमच्याकडे बघत होतं. म्हणून म्हटलं, हात चुकला माझा. पुढे वाटलं, तिचं तिला सापडेल. अकरा दिवस लावले पोरीने. तोवर तिच्यासमोर उत्साह दाखवणं जड जात होतं, म्हणून भिंतीकडे तोंड केलं. वाईट वाटत नव्हतं. थोडं वाटत होतं. इतके दिवस कोणी विचारलं नाही की मग आपल्यालाही वाटायला लागतं, खरंच चुकला असेल.
रानाचं तिला हो म्हण. नाही म्हणालीस तरी आम्ही येणार आहोत, गाडी ठरली आहे.
त्या चष्म्याच्या दुकानात ती उभी राहिली तेव्हा तिला थांबवणार होतो. सांगणार होतो की मला ठाऊक आहे, बस खाली. पण फार छान बोलत होती.